ऊन तापायच्या आत पाण्याचा हौद आणि गव्हाण बांधून घ्या

थंडी सरत आलीय आणि ऊन अजून अंगावर आलेलं नाही, गोठ्यात काँक्रीटचं काम काढायचं तर हेच दिवस. एकदा कडक ऊन आणि कोरडा वारा सुरू झाला की ताजं काँक्रीट वरून भराभर सुकतं, केसाएवढ्या भेगा पडतात, मग त्यातून पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि काही वर्षांत काठाचे ढलपे निघायला लागतात.

आधी माप बघू. दुधाची मोठी गाय कडक उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटर पाणी सहज पिते, कधी त्याच्याही वर, आणि त्यातलं बरंचसं धार काढून झाल्या झाल्या. म्हणजे १० गायींना रोज १००० लिटर धरा. पण म्हणून हौदच तेवढा मोठा पाहिजे असं नाही, फार मोठ्या हौदात पाणी शिळं होतं, शेवाळ धरतं आणि धुवायचं राहूनच जातं. त्यापेक्षा मध्यम हौद, त्याला फ्लोट व्हॉल्व्ह (हौद भरला की आपोआप पाणी बंद करणारा तरंगता नळ) आणि पाइप जरा जाड, म्हणजे तीन-चार गायी एकदम आल्या तरी पाणी तळाला जात नाही. काठ जमिनीपासून ६० ते ७५ सेंटीमीटर, वासरांना आणि शेळ्यांना वेगळा बुटका हौद करा. तळाला उतार द्या आणि उताराच्या टोकाला २ इंची पाइप सोडून बूच लावा. हे बूच बसवायचं राहिलं की कायम बादलीने उपसावं लागतं आणि मग हौद धुतलाच जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मालात किती पाणी घालायचं. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला २२ ते २५ लिटर, वाळू ओली असेल तर अजून कमी. माझा पहिला हौद इथेच बिघडला, माल सरसर पसरावा म्हणून मिस्त्री पाणी ओतत गेला आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो, पुढच्याच उन्हाळ्यात बाहेरून पांढरे ओघळ आले, हात लावला की भिंत ओली लागायची. तेव्हापासून माल कालवताना मी स्वतः बादली मोजतो, तुम्हीपण मोजा, कोणाला वाईट वाटलं तरी चालेल.

सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण १:१.५:३, सिमेंट त्यापेक्षा कमी नको. जाळी ८ एमएमची, ६-६ इंचावर, आणि सळईच्या बाहेर निदान १ इंच काँक्रीट राहिलं पाहिजे. खाली मुरूम नीट धुमसून घ्या, नाहीतर भरलेल्या हौदाच्या वजनाने एक कोपरा खचतो. माल शक्यतो संध्याकाळी ओता, वर ओलं गोणपाट टाका आणि ते किमान १० दिवस, जमलं तर १४ दिवस ओलं ठेवा. दिवसातून दोनदा पाणी मारून मधे कडकडीत सुकू दिलं तर त्याला क्युरिंग म्हणत नाहीत!! पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. जनावरांना लगेच पाणी पाजू नका, नव्या काँक्रीटमधला चुना पाण्यात उतरतो, तेव्हा भरायचं, दोन दिवस ठेवायचं, सोडून द्यायचं, असं तीन-चार वेळा करा.

गव्हाणीचं दुखणं वेगळं असतं. मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) आंबट, त्यातलं ॲसिड काँक्रीट खातं, सिमेंट निघून खडी वर येते. सकाळी गव्हाण रिकामी झाली की तळावरून उघडा हात फिरवून बघा, तळहाताला खरखर लागली तर गाईच्या जिभेलाही तेच लागतंय, आणि त्या खळग्यांत उरलेला चारा आंबून बुरशी धरतो. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधातही उतरू शकतं, म्हणून मी याला छोटी गोष्ट मानत नाही. तळाला गुळगुळीत फरशी किंवा चांगली टाइल बसवा, सांधे भरून घ्या, कोपरे बाटलीच्या बुडाने गोल करा. तळ गाय उभी राहते त्या जमिनीपेक्षा १० ते १५ सेंटीमीटर वर ठेवा, चरताना असते तशी मान खाली राहते आणि लाळही चांगली सुटते. एका मोठ्या गाईला लांबी ६० ते ७५ सेंटीमीटर लागते.

खुराकाच्या कोठीला एकच सांगतो, काँक्रीट जमिनीची ओल वर ओढतं, त्यामुळे खाली जाड प्लास्टिक अंथरूनच तळ ओता.

तयार हौद घेणार असाल तर कधी ओतलाय ते विचारा, काठावर हातोडी हळू वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर सोडून द्या. कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं किंवा उघडी सळई दिसली तरी नको. जागेवर बसवून २४ तास भरून ठेवा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी खूण बघूनच बाकीचं पेमेंट करा.