जुन्या मियाटात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर कसा जोडावा

माझदाची पहिल्या पिढीची मियाटा (अमेरिकेत १९९० ते १९९७ ही मॉडेल-वर्षं) आणि तिच्यात मूळ ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) जागी मेगास्क्वर्ट हा स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू, ही जोडी अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या गराजमध्ये नेहमी दिसते. गाडीच्या मूळ ऑक्सिजन सेन्सरला एवढंच कळतं की मिश्रण १४.७ पेक्षा (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे संतुलन) गडद आहे, म्हणजे इंधन जास्त, की पातळ. किती, ते तो सांगत नाही. टर्बो बसवून पूर्ण थ्रॉटलला मिश्रण ११.५ च्या आसपास ठेवायचं असेल, तर खरा आकडा हवा. त्यासाठी वाइडबँड सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर लागतो.

इथे इनोव्हेटचा एलसी-२ कंट्रोलर आणि बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर धरला आहे. कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा असेल तर तारांचे रंग त्याच्या पुस्तिकेतूनच घ्या, अंदाजाने जोडू नका. आणि कामाला हात घालण्याआधी डिकीतल्या बॅटरीची निगेटिव्ह सोडा.

बंग

मूळ सेन्सर काढू नका. वाइडबँडसाठी एक्झॉस्ट पाइपवर वेगळा बंग, म्हणजे सेन्सर आवळायची आट्यांची कडी, वेल्ड करून घ्या. आटे १८ मिमी, पिच १.५. जागा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी हवी. टर्बो असेल तर टर्बोनंतर साधारण दोन फुटांवर, म्हणजे सेन्सर अति तापत नाही. सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर झुकलेला असू द्या. थंड इंजिन सुरू झालं की पाइपात पाणी साचतं आणि खालच्या बाजूला बसवलेल्या सेन्सरचं तापलेलं सिरॅमिक त्या पाण्याने तडकतं.

सेन्सर अजून घट्ट बसवू नका, कॅलिब्रेशन मोकळ्या हवेत करायचं आहे. त्याची केबल लांब वाटली तरी कापू नका: एलएसयू ४.९ च्या कनेक्टरमध्येच कारखान्यात जुळवलेला रेझिस्टर असतो. उरलेली केबल गुंडाळून एक्झॉस्टपासून दूर बांधा.

लाल तार

लाल तारेला चावी ऑन असतानाच १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत, आणि स्टार्टर फिरत असतानाही ते टिकले पाहिजेत. रेडिओच्या लाइनवर बहुतेक हेच फसतं. क्रँक करताना ती बंद पडते. मल्टिमीटर लावून चावीच्या प्रत्येक स्थितीत बघा. फ्युएल पंप किंवा इग्निशन कॉइलच्या तारेतून वीज घेऊ नका. मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज टाका. इंजिन बंद ठेवून चावी तासभर ऑन ठेवायची वेळ येत असेल तर वेगळा रिले बरा.

कंट्रोलर केबिनमध्ये बसवणं उत्तम. या गाडीत कॉइल इंजिनच्या मागे, फायरवॉलला लागूनच असते, त्यामुळे केबल तिच्या शेजारून नेण्याचा मोह आवरा. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

काळी तार

एलसी-२ लावल्यावर मिळणारी बहुतेक चुकीची रीडिंग या अर्थाच्या (ग्राउंडच्या) तारेमुळे येतात, म्हणून इथे वेळ घालवा.

मियाटाची बॅटरी मागे डिकीत असते. तिची निगेटिव्ह तिथेच बॉडीला जोडलेली असते आणि इंजिनला अर्थ मिळतो तो बॉडी आणि पट्ट्यांमधून फिरून. त्यामुळे डॅशबोर्डखालचा कुठला तरी बोल्ट आणि इंजिन ब्लॉक यांचा अर्थ कागदावर एकच असला, तरी प्रवाह वाहू लागला की त्यांच्यात थोडा व्होल्टेज फरक पडतो. सेन्सरचा हीटर तापताना दोन-एक अँपिअर सहज ओढतो. वाटेत ०.०५ ओहमचा रेझिस्टन्स असेल तर तिथेच ०.१ व्होल्ट गेले. आता कंट्रोलरची पट्टी बघा: ० व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि ५ व्होल्ट म्हणजे २२.३९. एका व्होल्टमागे जवळपास ३ आकडे. म्हणजे ०.१ व्होल्टची चूक मेगास्क्वर्टला ०.३ ने खोटं सांगते. टर्बो गाडीत ११.५ आणि ११.८ मधला फरक हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

म्हणून काळी तार ईसीयूचा अर्थ जिथे जातो त्याच बोल्टवर न्या. मेगास्क्वर्टच्या बाबतीत तो सहसा इंजिन ब्लॉकवर असतो. रंग खरवडून धातू उघडा करा, गोल टर्मिनल नीट क्रिम्प करा. नुसतं पिळून टेप लावलेलं जोडकाम इथे चालणार नाही.

पिवळी आणि तपकिरी

पिवळी तार ०–५ व्होल्टची. ती मेगास्क्वर्टच्या ऑक्सिजन सेन्सर इनपुटला जाते. तपकिरी तार नॅरोबँड, म्हणजे मूळ सेन्सरसारख्या साध्या सेन्सरची नक्कल करते. मूळ ईसीयू काढलेला असेल तर ती लागत नाही. टोक हीट श्रिंकने बंद करून बाजूला बांधा, उघडं टोक बॉडीला टेकू देऊ नका. मूळ ईसीयू ठेवलेला असेल तर मूळ सेन्सर त्यालाच जोडलेला राहू द्या. नक्कल मूळ सेन्सरच्या जागी वापरता येते, पण १९९६ पासूनच्या ओबीडी-२ (गाडीच्या स्वयंनिदान यंत्रणेच्या) गाड्यांत ईसीयू सेन्सरच्या हीटरवरही लक्ष ठेवतो आणि चेक इंजिनचा दिवा लावून बसतो.

कॅलिब्रेशन

बॅटरी पुन्हा जोडा. सेन्सर न जोडता चावी ऑन करा, अर्धा मिनिट थांबा, चावी बंद करा. आता सेन्सर जोडून मोकळ्या हवेत लटकवा. तो ७८० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो, तेव्हा कार्पेटवर किंवा सीटवर टेकवू नका. जवळ पेट्रोलची वाफ किंवा दुसऱ्या गाडीचा धूर नसावा. चावी ऑन करून एक-दोन मिनिटं जाऊ द्या, कंट्रोलर हवेतल्या ऑक्सिजनवरून स्वतःला जुळवून घेतो. मग चावी बंद करा, सेन्सर थंड होऊ द्या आणि बंगमध्ये ४० ते ६० न्यूटन-मीटरने आवळा.

ट्यूनरस्टुडिओत (मेगास्क्वर्ट ट्यून करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) सेन्सरच्या यादीतून इनोव्हेटचा योग्य पर्याय निवडा, किंवा ० व्होल्टला ७.३५ आणि ५ व्होल्टला २२.३९ हे आकडे हाताने भरा.

खात्री

ही पायरी बरेच जण गाळतात. इनोव्हेटच्या प्रोग्रॅमर सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्या तारेचे किमान आणि कमाल दोन्ही व्होल्टेज तात्पुरते २.५ व्होल्टवर ठेवा, म्हणजे मिश्रण काहीही असो, आउटपुट स्थिर राहील. इंजिन चालू करा, हेडलाइट आणि रेडिएटर फॅन लावा. ट्यूनरस्टुडिओत १४.८७ च्या आसपास दिसायला हवं. १५.१ दिसत असेल तर काळ्या तारेकडे परत जा. सॉफ्टवेअरमध्ये आकडा सरकवून काम भागवू नका, कारण फॅन बंद झाला की तीच दुरुस्ती उलटी पडते. नंतर मूळ सेटिंग परत भरायला विसरू नका.

रस्त्यावर आणखी एक सोपी चाचणी आहे. गिअरमध्ये असताना उतारावर पाय पूर्ण काढा. इंधन कट होण्याचं सेटिंग चालू असेल तर आकडा पातळ टोकाला, २२ च्या पुढे जायला हवा. आयडलवर मात्र सतत पातळ दाखवत असेल तर आधी बंगच्या आधीच्या जोडातली गळती आणि मिसफायर तपासा. दोन्हीत पाइपात जास्तीचा ऑक्सिजन येतो आणि सेन्सर प्रामाणिकपणे तोच सांगतो.

अमेरिकेतल्या १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं खरं संतुलन १४.१ च्या जवळ असतं, भारतातल्या २० टक्क्यांच्या पेट्रोलचं १३.५ च्या. गेज तरीही १४.७ दाखवेल, कारण सेन्सर मुळात लॅम्डा (मिश्रण संतुलनाच्या किती पट आहे; संतुलनाला १) मोजतो आणि आकडा शुद्ध पेट्रोलच्या पट्टीवर छापतो. ट्यूनिंग करताना त्याच पट्टीवर राहा, किंवा सरळ लॅम्डा वापरा.

आणि कधी कंट्रोलरचा फ्यूज काढून गाडी चालवायची झाली, तर सेन्सरही काढून बंगला प्लग लावा. हीटरशिवाय पाइपात राहिलेल्या सेन्सरवर काजळी बसते आणि तो लवकर निकामी होतो.