ट्रान्सप्लांटनंतर बुरशीचं औषध चालू आहे? मग या चुका टाळा

"बुरशी होऊ नये म्हणून औषध चालूच आहे, मग बुरशी होईलच कशी?" बोन मॅरो (अस्थिमज्जा) ट्रान्सप्लांट युनिटच्या फार्मसीत काम करताना हे वाक्य सतत कानावर येतं. नातेवाईक म्हणतात, गावाकडचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, नुकतेच रुजू झालेले रेसिडेंटही म्हणतात. उत्तर एकच आहे: होते. कधी औषध रक्तात पुरेसं पोचलेलंच नसतं, तर कधी आलेली बुरशी त्या औषधाला जुमानत नाही. यातला पहिला प्रकार बहुतेक वेळा टाळता येतो, आणि म्हणूनच तो पुन्हापुन्हा दिसला की मला राग येतो.

आणखी एक गैरसमज आधी दूर करते. काउंट आले, म्हणजे रक्तपेशी पुन्हा वाढू लागल्या, आणि डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना वाटतं संकट टळलं. पांढऱ्या पेशी शून्याला टेकलेल्या असतात तो काळ धोक्याचा खराच, पण तेव्हा रुग्ण आमच्या डोळ्यांसमोर असतो. दुसरा धोका पुढच्या महिन्यांत, घरी असताना येतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात, म्हणजे जीव्हीएचडी होतो, त्यासाठी स्टेरॉइड वाढवावं लागतं, आणि अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीला तेवढीच संधी पुरते. काउंट नॉर्मल असतानाही.

गोळी आणि पातळ औषध एकच समजणं

पोसाकोनॅझोल हे यातलं फार उपयोगी औषध, आणि सगळ्यात जास्त घोळही त्याचाच. ते गोळीत मिळतं आणि बाटलीतही, सस्पेन्शन म्हणून. नाव एकच, पण एकाच्या जागी दुसरं त्याच हिशोबाने देता येत नाही.

मराठवाड्यातला एक तरुण रुग्ण होता. ब्लड कॅन्सर, भावाच्या पेशी घेऊन ट्रान्सप्लांट, नंतर त्वचेचा आणि आतड्याचा जीव्हीएचडी, म्हणून स्टेरॉइड. पोसाकोनॅझोलच्या १०० मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या रोज एकदम घ्यायच्या, असं ठरवून घरी गेला. गोळ्या संपल्या. तालुक्याच्या मेडिकलमध्ये नव्हत्या, म्हणून दुकानदाराने शहरातून औषध मागवलं आणि आली ती बाटली. त्याने हिशोब करून दिला: १ मिलीत ४० मिलिग्रॅम, तुम्हाला हवं ३००, म्हणजे साडेसात मिली दिवसातून एकदा. हिशोब बिनचूक होता आणि डोस साफ चुकीचा. प्रतिबंधासाठी सस्पेन्शन सहसा २०० मिलिग्रॅम म्हणजे ५ मिली, दिवसातून ३ वेळा देतात, कारण त्यातलं औषध नीट शोषलं जात नाही. शिवाय ते भरपेट, स्निग्ध जेवणाबरोबरच द्यावं लागतं.

घरात त्याची आई जिवापाड काळजी घेत होती. पोट नाजूक म्हणून तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचं पाणी. "तुपाचा थेंबसुद्धा दिला नाही हो ताई," हे तिने मला अभिमानाने सांगितलं. त्यात अ‍ॅसिडिटीची गोळी दोन वेळा चालू होती, आणि पोटातलं आम्ल कमी झालं की सस्पेन्शन आणखीच कमी शोषलं जातं. वर जुलाब. म्हणजे औषध रोज घड्याळ लावून दिलं जात होतं आणि रक्तात त्याचा जेमतेम अंश पोचत होता.

मग कोरडा खोकला सुरू झाला, आणि श्वास घेतला की पाठीत खांद्याच्या फऱ्याखाली कळ. गावात एक्सरे काढला तो स्वच्छ आला, म्हणून आणखी काही दिवस गेले. आमच्याकडे आल्यावर सीटी केला तर फुप्फुसात गाठ आणि तिच्याभोवती धूसर कडं. दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन घेतलेल्या पाण्यात अ‍ॅस्परजिलसच्या खुणा सापडल्या. तो वाचला, पण पुन्हा दाखल व्हावं लागलं, महिनोन्‌महिने उपचार चालले आणि त्या घराने आणखी कर्ज काढलं. त्या माउलीला दोष कसा देणार? तिला तूप घालायला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकाच्या फोनमध्ये औषधाच्या पाकिटाचा फोटो काढायला लावते, पुढचा आणि मागचा. दुकानात वेगळं पाकीट समोर आलं की पैसे देण्याआधी युनिटला फोन करायचा. दहा दिवसांचं औषध उरलं की पुढचं मागवायचं. शेवटची गोळी हातात घेऊन धावपळ करायची नाही. सस्पेन्शनच असेल तर बाटली नीट हलवायची, सोबतच्या चमच्यानेच मोजायचं, आणि पूर्ण जेवण जात नसेल तर ते लपवायचं नाही, आम्हाला कळवायचं, कारण पर्याय असतात. गोळीला जेवणाची अट तेवढी कडक नाही, तरी मी ती जेवणाबरोबरच घ्यायला लावते. त्याने वेळही पाळली जाते. गोळी कुटायची किंवा मोडायची मात्र नाही, ती आतड्यात जाऊन विरघळावी म्हणूनच तशी बनवलेली असते.

आणि रक्तातली लेव्हल तपासा. औषध सुरू करून साधारण आठवडा झाला की प्रतिबंधासाठी ती १ मिलीत ०.७ मायक्रोग्रॅमच्या वर असावी असं धरतात. तपासणी सगळीकडे होत नाही, पैसे लागतात, रिपोर्टला वेळ लागतो, हे सगळं मान्य. पण जुलाब होणाऱ्या, जेवण न जाणाऱ्या रुग्णात लेव्हल न बघता "औषध चालू आहे" असं लिहिणं मला पटत नाही.

व्होरिकोनॅझोल या बुरशीच्याच दुसऱ्या औषधाचं याच्या उलट आहे. ते रिकाम्या पोटी, जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा एक तास नंतर. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर, पण त्याचंच पातळ औषध रिकाम्या पोटी. हे लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. फ्रिजवर चिकटवायचा तक्ता आमच्याकडून लिहून घ्या.

खोकला आणि छातीत डाग, म्हणजे टीबी

आपल्याकडे हा अंदाज सहज केला जातो आणि बऱ्याचदा तो बरोबरही ठरतो. पण ट्रान्सप्लांट झालेल्या माणसात तो अंदाजावर सोडता येत नाही. ट्रान्सप्लांट झालेल्या एका मध्यमवयीन बाईंना गावी खोकला आणि ताप आला. एक्सरेत पॅच दिसला, थुंकीत काही सापडलं नाही, तरी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. "आधी सुरू तर करू, मोठ्या दवाखान्यात नंतर दाखवा." एकेटीतलं रिफाम्पिसिन यकृताला बुरशीची औषधं इतक्या वेगाने नष्ट करायला लावतं की व्होरिकोनॅझोलची लेव्हल जवळजवळ शून्यावर येते. पोसाकोनॅझोलही घसरतं, आणि जीव्हीएचडी आवरणारं टॅक्रोलिमसही. त्या बाईंना टीबी नव्हता, बुरशीच होती. तिला रोखणारं औषध एकेटीने काढून घेतलं आणि टॅक्रोलिमस उतरल्यामुळे जीव्हीएचडीही उसळला. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही त्याचा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकतो, त्यामुळे चूक कळली तरी लगेच निस्तरता येत नाही.

टीबीसुद्धा होऊ शकतो, आणि झाला तर एकेटी द्यावीच लागते. पण आधी सीटी, मग शक्य असेल तर दुर्बिणीने नमुना, आणि पहिली गोळी देण्याआधी ट्रान्सप्लांट टीमला एक फोन. गावातल्या डॉक्टरांना संकोच वाटत असेल तर नातेवाइकांनी फोन लावून त्यांच्या हातात द्यावा. फिटच्या औषधांपैकी फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनही लेव्हल अशीच पाडतात.

अँटीफंगल (बुरशीचं औषध) आपल्या मनाने बंद करणं किंवा सुरू करणं

ही औषधं टॅक्रोलिमस आणि त्याच कामाच्या सायक्लोस्पोरिनची लेव्हल वाढवतात, म्हणून पोसाकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमस साधारण एक तृतीयांशावर आणलेलं असतं. तोंड आलंय, मळमळतंय म्हणून अँटीफंगल बंद केलं, तर कमी केलेला तो डोस अपुरा पडतो. जीव्हीएचडी भडकतो, स्टेरॉइड वाढतं आणि बुरशीचा धोका दुपटीने परत येतो. उलट बाजूने हीच गोष्ट नायट्याची. मांडीला नायटा झाला म्हणून मेडिकलमधून इट्राकोनॅझोल घेतलं जातं, टॅक्रोलिमस चढतं आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, बिघडलेली घेऊन माणूस येतो. नायट्याचं औषधही आम्हाला विचारूनच.

टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या. गोळी घेऊन आलात तर तो आकडा निरुपयोगी.

थोडक्यात, पण तितकंच महत्त्वाचं

ताप १००.४ फॅरनहाइट झाला की आधी फोन, मग पॅरासिटामॉल. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला बुरशी होऊनही ताप येईलच असं नाही, म्हणून "ताप नाही ना" यावर विसंबू नका.

गुळवेलाचा काढा नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे, आणि बुरशीची बरीच औषधं आधीच यकृतावर ताण देतात. पपनसही नको, ते टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवू शकतं.

विडी, सिगारेट नाहीच. तंबाखूत बुरशीचे बीजाणू असतात. मिश्रीसुद्धा बंद.

दिवाळीची साफसफाई, रंगकाम, भिंत फोडणं, कुंड्यांची माती उकरणं, शेणखत, गच्चीवरची कबुतरांची घाण: रुग्ण त्या घरात नसताना. शेजारी बांधकाम असेल तर खिडक्या बंद. पावसाळ्यात ओल आलेल्या खोलीत रुग्णाला झोपवू नका, दुसरी खोली लहान असली तरी चालेल. मसाले फोडणीत शिजवून. वरून भुरभुरलेला चाट मसाला किंवा मिरपूड नको.

व्होरिकोनॅझोलवर असाल तर उन्हात पूर्ण बाह्या आणि टोपी. कातडी लवकर भाजते. गोळीनंतर काही वेळ डोळ्यांसमोर झगमग होऊ शकते, तेव्हा गाडी चालवू नका.

नव्या रेसिडेंटांसाठी

फ्लुकोनॅझोल कँडिडा या बुरशीसाठी चांगलं आहे, अ‍ॅस्परजिलसवर त्याचा काही उपयोग नाही. पेपरवर "अँटीफंगल चालू" असं न लिहिता औषधाचं नाव, रूप आणि शेवटची लेव्हल लिहा. पोसाकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोलवर असलेल्या, लक्षणं नसलेल्या रुग्णाचं दर आठवड्याला गॅलॅक्टोमॅनन (अ‍ॅस्परजिलस शोधायची रक्ततपासणी) पाठवू नका. अशा वेळी पॉझिटिव्ह आलेला रिपोर्ट बऱ्याचदा खोटा निघतो. शंका असेल तेव्हा सीटी करा आणि नमुना घ्या. काउंट नसताना अँटिबायोटिकवर चार दिवस ताप उतरत नसेल तर एक्सरेवर समाधान मानू नका.

नाक

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकर, म्हणजे काळी बुरशी, महाराष्ट्राला चांगलीच माहीत झाली. व्होरिकोनॅझोल तिच्यावर चालत नाही आणि गॅलॅक्टोमॅननमध्ये ती दिसत नाही. पोसाकोनॅझोलला ती दबते, पण लेव्हल असेल तरच. एकाच बाजूचं नाक चोंदणं, नाकातून काळपट खपली किंवा रक्त, गाल बधिर होणं, कारण नसताना वरचा दात दुखणं किंवा हलणं, पापणी सुजणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर दंतवैद्याकडे किंवा चष्म्याच्या दुकानात चक्कर नको. रात्रीचे दोन वाजले असले तरी युनिटला फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: ट्रान्सप्लांट कधी झालं, स्टेरॉइडचा डोस किती आहे, बुरशीचं कोणतं औषध चालू आहे. मग ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता निघा, आणि चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून सोबत आणा.