किती शिट्ट्या, असं विचारू नका: वाफवलेल्या माशाच्या या चुका टाळा

घरी वाफवलेला पापलेट, बॉक चॉय (चिनी पालेभाजी) आणि भात केला असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, किती शिट्ट्या? अरे बाबा, शिट्ट्या डाळीला. प्रेशरखाली माशाचा भुगा होतो, काटे तेवढे ओळखू येतात. कुकरच वापरायचा तर शिट्टी काढून ठेवा, नाहीतर मोदकपात्र घ्या (आईला विचारून. मी विचारलं नव्हतं, गणपतीच्या आधी नवीन आणावं लागलं).

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गार पाण्यावर मासा ठेवून मग गॅस पेटवणं. हे मी स्वतः केलंय, तेही मेहुणा जेवायला आलेला असताना, आणि तो पडला रत्नागिरीचा. गणेश पेठेतून अर्ध्या किलोचा मस्त पापलेट आणला, कल्ले लालभडक, आणि घाईघाईत गार पाण्यावरच चढवला. वर दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघतोय, वाफ सगळी किचनमध्ये, पंचवीस मिनिटं गेली तरी मासा शेपटीकडे वाळलेला आणि मधल्या काट्यापाशी कच्चा. ताटलीत पांढरट पाणी साठलं होतं, त्यातच सोया सॉस ओतला. बायकोने न बोलता खिडकी उघडली. मेहुणा एक घास खाऊन म्हणाला, "दाजी, कालवणच करायचं होतं की."

आता पाणी खळखळल्याशिवाय मी माशाला हातच लावत नाही. माशाखाली कांद्याच्या पातीच्या दोन-तीन काड्या ठेवतो म्हणजे खालूनही वाफ लागते, झाकणाला फडकं बांधतो नाहीतर थेंब टपटप माशावरच. एवढ्या पापलेटला आठ ते दहा मिनिटं, मोबाईलवर टायमर, मधे उघडायचं नाही म्हणजे नाही, धीर नसेल तर ऑम्लेट करा. मग ताटलीतलं पाणी ओतून टाकायचं, ते सूप नाही, सगळा उग्र वास त्यातच असतो. वर आल्याचे बारीक उभे काप, पात, त्यावर कडकडीत तेल, चर्र आवाज आलाच पाहिजे, सोया सॉस शेवटी कडेने. दक्षिण चीनमधले कँटनकडचे लोक असाच करतात, तिथे हळद, आगळ काही नसतं, तुम्हीही लावू नका.

बॉक चॉयच्या देठांच्या बुडाशी माती असते, पानं सुटी करून धुवा. उकळत्या पाण्यात आधी देठ मिनिटभर, मग पानं घालून लगेच काढा. पालकासारखा गाळ केलात तर संपलं.

भात इंद्रायणीचा. बासमतीचा दाणा मोकळा, सॉस सगळा ताटात खाली पळतो. पण नवा तांदूळ असेल तर पाणी कमी घाला, नाहीतर खिमट होईल.

आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा दुकानात मिळतो तो बहुतेक बर्फातला पापलेट. त्या दोन महिन्यांत मी हा पदार्थ करतच नाही, बर्फातल्या माशाला मसालाच लागतो.