आंबील, लोणचे आणि सिरका: घरी आंबवताना कायद्याची रेषा कुठे येते

चैत्र-वैशाखात विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ज्वारीचे पीठ ताकात भिजत पडते, कुरड्यांचा चीक काढण्यासाठी गहू तीन दिवस पाण्यात राहतो आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन उन्हात वाळायला ठेवल्या जातात. ही सगळी आंबवण्याचीच कामे आहेत आणि ती करायला कुणाची परवानगी लागत नाही. अलीकडे मात्र त्याच घरांत मोबाइलवर पाहून द्राक्षांची ‘घरगुती वाइन’, आल्याचे फसफसते पेय, गळलेल्या संत्र्यांचा सिरका (व्हिनेगर) असे प्रयोग होऊ लागले आहेत, आणि यातले काय चालते व काय चालत नाही याची नीट माहिती फार थोड्यांना असते. ही माहिती मी येथे कृतीसह देत आहे, कारण कृती समजल्याशिवाय कायद्याची रेषा कुठे ओढली आहे हे कळत नाही.

आंबवणे म्हणजे सूक्ष्मजीवांनी साखर खाऊन तिचे दुसरे काही करणे. दही, आंबील आणि मिठातले लोणचे यांत मुख्य काम जिवाणू करतात व त्यांच्यामुळे आम्ल तयार होते. फळांचा रस, गूळपाणी किंवा मोहफुले यांत मीठ नसते आणि साखर भरपूर असते, त्यामुळे तिथे यीस्टचे फावते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. रसाच्या एका लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल होते. गोड संत्र्याच्या रसात लिटरला सुमारे 100 ग्रॅम साखर असते, म्हणजे हा रस झाकून विसरला गेला तर बिअरइतका कडक होऊ शकतो. करणाऱ्याच्या मनात दारूचा विचारही नसला तरी हे होते.

आता कायदा. आपल्याकडे लागू असलेला कायदा म्हणजे 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे. त्यातली मद्याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे: स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रवपदार्थ. किती टक्क्यांपासून मद्य म्हणायचे, याची खालची मर्यादा या व्याख्येत दिलेली नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत 0.5 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयाला मद्यपेय म्हटले आहे आणि तो आकडा घेऊन अनेक जण निर्धास्त होतात. परंतु तो आकडा पेय विकण्याच्या मानकांचा आहे, दारूबंदीच्या कायद्याने तो स्वीकारलेला नाही. या रुंद व्याख्येला आव्हान दिले गेले तेव्हा 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात अधिनियमाचा बहुतांश भाग कायम ठेवला आणि अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने यांच्यापुरत्या काही तरतुदी रद्द केल्या. पिण्यासाठी घरी केलेल्या पेयाला त्या निकालातून कोणतीही सवलत मिळालेली नाही.

कलम 65 वाचताना बहुतेकांच्या नजरेतून एक बाब सुटते. परवान्याशिवाय मद्य तयार करणे व विकणे हा गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच कलमात मद्य तयार करण्यासाठी लागणारे साहित्य, भांडी, भट्टी किंवा उपकरणे वापरणे अथवा बाळगणे हाही गुन्हा सांगितला आहे. म्हणून एक थेंबही गाळलेला नसताना केवळ मोहाचा सडवा (दारू गाळण्यासाठी पाण्यात आंबवलेली फुले) सापडला म्हणून गुन्हे दाखल होतात. घरातल्या पिपात साखर घालून आठवडाभर आंबत ठेवलेला रस आणि शेजारी नळी लावलेले भांडे असे चित्र दिसले, तर आपला हेतू काय होता हे सांगण्याची वेळ आपल्यावर येते. शिक्षा कारावास आणि दंड अशी दोन्ही आहे. ‘मी विकत नव्हतो, घरीच पिणार होतो’ हा बचाव येथे उपयोगी पडत नाही. महाराष्ट्राने 2001 साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणून वाइन उद्योगाला उत्तेजन दिले खरे, परंतु ते परवानाधारक कारखान्यांसाठी आहे. घरच्या बरणीतली वाइन त्यात बसत नाही.

गोंदिया, गडचिरोली आणि मेळघाटातले लोक एक प्रश्न नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात व छत्तीसगडात आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू काढण्याची मर्यादित मुभा आहे, मग आपल्याकडे काय? याचे उत्तर इतिहासात आहे. नागपूर, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) हा भाग मध्य प्रांतात होता आणि तिथला अबकारी कायदा 1915 चा होता; मध्य प्रदेशाचा आजचा कायदा त्याच मुळातून आलेला आहे. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर मुंबईचा दारूबंदी अधिनियम येथे लागू झाला. त्यामुळे नदीच्या पलीकडच्या पाहुण्यांचा नियम अलीकडे आपल्याला लागू होत नाही. त्यात गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, वर्धा जिल्ह्यातही आहे, आणि चंद्रपुरात 2015 मध्ये लागू झालेली बंदी 2021 मध्ये उठवण्यात आली. चंद्रपूरची बंदी उठल्यामुळे घरी दारू गाळायला मोकळीक मिळाली, असा समज मी ऐकला आहे. तो चुकीचा आहे. त्या निर्णयाने परवानाधारक दुकाने पुन्हा सुरू झाली, एवढेच. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा तेथील वाचकांनी आपल्या ग्रामसभेचा ठरावही पाहून घ्यावा.

आता कृतीकडे वळू.

सर्वांत सुरक्षित सुरुवात आंबिलीपासून करावी. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात आपल्याकडे ती असतेच, पण उन्हाळ्यात रोज करण्याजोगी आहे. एक वाटी ज्वारीचे पीठ, एक वाटी आंबट ताक आणि एक वाटी पाणी गुठळी न ठेवता कालवावे आणि स्टीलच्या डब्यात किंवा वापरून मुरलेल्या मडक्यात झाकून ठेवावे. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात किंवा अॅल्युमिनियममध्ये ठेवू नये, कारण आम्ल धातू विरघळवते. हिवाळ्यात रात्रभर लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना सहा-सात तासांत पीठ फुगून वर येते आणि त्याहून अधिक ठेवल्यास उग्र वास धरते. मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ते सोडून सतत ढवळत दहा-पंधरा मिनिटे शिजवावे, मीठ घालावे, थंड झाल्यावर पुन्हा ताक, जिरे आणि ठेचलेला लसूण घालावा (नैवेद्याच्या आंबिलीत लसूण वगळावा). या पदार्थात ताकातले जिवाणू सुरुवातीपासून भारी पडतात, आंबण्याचा वेळ तासांत मोजला जातो आणि शेवटी ते शिजते, म्हणून अल्कोहोलचा प्रश्न व्यवहारात उरत नाही.

दुसरी कृती मिठाच्या पाण्यातल्या मिरचीची आहे, आणि भिवापुरी मिरचीसाठी ती मला सर्वाधिक आवडते. ओल्या लाल मिरच्या धुऊन, देठे काढून, उभी चीर देऊन चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत भराव्यात. उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून ते मिरच्या बुडेपर्यंत ओतावे. गाजर, मुळा किंवा कोबी बारीक चिरून करायचे असेल तर पाणी न घालता एक किलो भाजीला 25 ग्रॅम मीठ चोळावे. भाजीचेच पाणी सुटते. मीठ काट्यावर तोलूनच घ्यावे, मुठीने घेऊ नये. मीठ कमी पडले तर सडवणारे जिवाणू शिरतात, फार झाले तर आंबवणारेही थांबतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे भाजी पाण्याखाली राहिली पाहिजे, म्हणून वर छोटी बशी आणि त्यावर उकळून घेतलेला गुळगुळीत दगड ठेवावा. बरणी घराच्या सर्वांत थंड कोपऱ्यात, शक्य असल्यास रांजणाशेजारी ठेवावी आणि पहिले चार-पाच दिवस रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा. आठ ते दहा दिवसांत आंबट चव येते. वर पातळ पांढरा पापुद्रा आला तर तो काढून टाकावा, त्याने अपाय नाही; हिरवी, काळी किंवा गुलाबी केसाळ बुरशी दिसली तर बरणीतले सगळे फेकून द्यावे, वरचे काढून खालचे वापरू नये. शंका असेल तर पीएच पट्टी वापरावी. आकडा 4.6 च्या खाली असायलाच हवा आणि 4 च्या आसपास असेल तर उत्तम, कारण 4.6 च्या वर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांचे विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही.

सिरका हा खरा नाजूक विषय आहे. वरूड-मोर्शी भागात फळगळीच्या दिवसांत बागेखाली पडलेली संत्री पाहिली की त्यांचे काहीतरी करावे असे कोणालाही वाटते, आणि सिरका हा त्याचा चांगला उपयोग आहे. परंतु सिरका दोन टप्प्यांत बनतो: आधी यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, मग दुसरे जिवाणू हवेच्या मदतीने त्या अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात. म्हणजे सिरक्याची वाट मद्यातूनच जाते, आणि व्याख्येचे शब्द काटेकोर लावले तर मधल्या दिवसांतला तो रस अल्कोहोल असलेला द्रवच ठरतो. म्हणून मी पुढील पद्धत सुचवतो, जिच्यात रस कधीही पिण्याजोगे मद्य म्हणून उभा राहत नाही.

बुरशी नसलेली, फक्त मार लागलेली फळे निवडून सोलावीत. साल आणि बिया रसात जाऊ देऊ नयेत. सालीतले तेल आंबण्याला अडवते आणि बियांनी कडवटपणा येतो. तीन लिटर रसात पहिल्याच दिवशी एक लिटर जिवंत सिरका मिसळावा. जिवंत म्हणजे न उकळलेला, गाळ असलेला, बाटलीवर ‘मदर’ असे लिहिलेले असते तो. किराणा दुकानातले स्वच्छ पांढरे व्हिनेगर कृत्रिम असते, त्यात जिवाणू नसतात आणि त्याने काम होत नाही. वरून साखर किंवा गूळ घालू नये, यीस्टची पुडी तर मुळीच घालू नये. रुंद तोंडाचे काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे दोन-तृतीयांश भरावे आणि वर सुती फडके घट्ट बांधावे, म्हणजे हवा जाईल आणि चिलटे जाणार नाहीत. आंबट सुरुवात आणि मोकळी हवा यांमुळे अल्कोहोल जसजसे तयार होते तसतसे त्याचे आम्ल होऊ लागते. काही दिवसांनी पृष्ठभागावर जेलीसारखी जाड साय धरते, ती मोडू नये. पंचवीस ते तीस अंशांत चार ते आठ आठवडे लागतात. उन्हाळ्यात हे काम घेऊ नये, कारण चाळिशीच्या वर सिरक्याचे जिवाणू दम सोडतात आणि रस अर्धवट अवस्थेत अडकतो.

घट्ट झाकणाची बाटली या कामात कधीही वापरू नये. माझ्या घरी एकदा संत्र्याचा रस स्क्रूच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत तीन दिवस राहिला आणि दुपारी ती बाटली फुटून काचा स्वयंपाकघरभर उडाल्या. त्या वेळी तिथे कोणी नव्हते, हे आमचे भाग्य. तेव्हापासून मी प्रत्येक बरणीवर आत काय आहे, किती मीठ किंवा किती सिरका घातला आणि कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहून चिकटवतो. हीच चिठ्ठी कोणी विचारणा केली तर आपला खुलासाही ठरते. घरापुरते तीन-चार लिटर एवढ्यावर थांबावे. बचत गटाला पिपाने सिरका करून विकायचा असेल तर आधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयाला लेखी विचारावे आणि अन्नसुरक्षेची नोंदणी घ्यावी. विक्रीच्या आंबवलेल्या सिरक्यात किमान 3.75 टक्के ॲसेटिक आम्ल लागते व ते प्रयोगशाळेतच मोजले जाते. घरच्या सिरक्याचे आम्ल आपल्याला ठाऊक नसते, म्हणून त्याच्या भरवशावर वर्षभराचे लोणचे घालू नये. कोशिंबिरीला तो उत्तम. दारूबंदीच्या जिल्ह्यांतल्या वाचकांना मी आणखी साधा मार्ग सांगेन: तयार व्हिनेगरमध्ये संत्र्याची साल पंधरा दिवस मुरत ठेवावी. यात आंबण्याचा टप्पाच नाही आणि सुगंध तोच येतो.

मोहफुलांबद्दल वेगळे सांगायला हवे. 2021 मध्ये राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील जुने निर्बंध सैल केले आणि फुले वेचणाऱ्या कुटुंबांना मोठा दिलासा मिळाला. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, म्हणून ती खडखडीत वाळवून हवाबंद ठेवली तर वर्षभर लाडू आणि भाकरीला पुरतात. राब (दाट गोड पाक) करायचा असेल तर फुले धुऊन लगेच पाण्यात अर्धा तास उकळावीत, गाळावीत आणि त्याच दिवशी आटवून मधासारखी दाट करावीत. फुले रात्रभर पाण्यात ठेवण्याची सवय येथे सोडली पाहिजे, कारण आपल्या हवेत सकाळपर्यंत त्यांना फेस येतो आणि दोन दिवसांत तो सडवाच होतो.

गाळण्याच्या वाटेला कोणीही जाऊ नये. भट्टीतून येणाऱ्या द्रवात काय आणि किती आहे हे घरी मोजता येत नाही, आणि हातभट्टीच्या धंद्यात मिथेनॉल मिसळले जाते तेव्हा काय होते हे 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली तेव्हा सर्वांनी पाहिले. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांची नस मारते. हातभट्टीची दारू प्यायल्यावर कोणाला अंधूक दिसू लागले, ओकाऱ्या झाल्या किंवा श्वास जोरात चालू लागला तर पोलिसांची भीती बाजूला ठेवून लगेच रुग्णालयात न्यावे आणि काय प्यायले ते डॉक्टरांना खरे सांगावे. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

सिरका अर्धवट अडकला आणि भांड्याला दारूचा वास येत राहिला, तर तो चाखून पाहू नये आणि बाटलीतही भरू नये. तो अधिक पसरट भांड्यात ओतून त्यात त्याच्या एक-चतुर्थांश इतका जिवंत सिरका पुन्हा घालावा आणि फडके बांधून ठेवावा. आणखी तीन आठवड्यांनीही वास गेला नाही, तर तो शेणखताच्या खड्ड्यात ओतून भांडे उकळत्या पाण्याने धुऊन टाकावे.