लॉयल्टी प्रोग्रॅममध्ये एकामागून एक उघडणारे टप्पे कसे लावावेत

लॉयल्टी प्रोग्रॅम म्हणजे ग्राहकाने पुन्हा पुन्हा यावं म्हणून दुकानाने चालवलेली बक्षीस योजना. त्यात पहिला टप्पा पूर्ण केल्यावरच दुसरा उघडेल, अशी साखळी लावणं अवघड नाही. पण यावरचे बहुतेक सल्ले बक्षीस काय द्यावं याच्यापुढे जातच नाहीत. साखळी फसते ती बक्षिसामुळे नाही, दोन टप्प्यांमधल्या सांध्यावर.

ग्राहकाचा मोबाइल नंबर बिलाला जोडला जातो, मेसेज पाठवायला त्याची संमती घेतलेली आहे आणि बिल झालं की नोंद लॉयल्टीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जाते, एवढं गृहीत धरतो. उदाहरण बेकरीचं घेऊ.

टप्पे तीनच ठेवा. पहिला: ३० दिवसांत किमान १५० रुपयांची तीन बिलं, बक्षीस क्रीम रोल. दुसरा: टप्पा उघडल्यापासून ४५ दिवसांत एका केकची खरेदी. तिसरा: पुढच्या ६० दिवसांत ३,००० रुपयांची खरेदी. सोपा आधी, खर्चाचा शेवटी.

नाव नोंदवताना झालेलं बिल पहिल्या टप्प्यात मोजा. जोसेफ नुन्स आणि झेवियर द्रेझ यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला अमेरिकेतल्या कार वॉशचा प्रयोग आहे. काहींना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण त्यातले दोन आधीच मारलेले. दोघांनाही आठच धुलाया करायच्या होत्या. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, दुसरं ३४ टक्क्यांनी. कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायला लावू नका.

आता सांधा. मला सगळ्यात जास्त याच पायरीने छळलंय, म्हणून इथे घाई नको.

पुढचा टप्पा कशाने उघडायचा? बिलाने. 'बक्षीस वापरलं की पुढचा टप्पा उघडा' असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ज्याला क्रीम रोल आवडत नाही तो कूपन वापरत नाही आणि तिथेच अडकतो. तुमच्या डॅशबोर्डवर मात्र तो 'कूपन शिल्लक' असा छान दिसत राहतो. तिसरं बिल झालं की टप्पा उघडलाच पाहिजे; कूपन त्याने वापरो वा न वापरो.

दुसरं, अटीत 'एकूण खरेदी' कधीही निवडू नका. 'टप्पा उघडल्यानंतरची खरेदी' निवडा. एकूण खरेदी ठेवली की वर्षानुवर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाची जुनी बिलं मोजली जातात, तिन्ही टप्पे एका रात्रीत उघडतात आणि सकाळी त्याच्या फोनवर तीन मेसेज पडलेले असतात. याच नियमाने, ज्या बिलाने पहिला टप्पा पूर्ण झाला त्यातला केक दुसऱ्यात धरला जाणार नाही. हे काउंटरवरच्या माणसाला नीट समजावून ठेवा, कारण वाद त्याच्यासमोर होतो.

तिसरी गोष्ट तारखांची, आणि तीच सगळ्यात चकवणारी. मुदत प्रत्येक ग्राहकाची वेगळी, टप्पा उघडल्या दिवसापासून मोजा. पण कॅम्पेनला, म्हणजे तिन्ही टप्प्यांच्या अख्ख्या योजनेला, स्वतःचीही शेवटची तारीख असते आणि तीच वरचढ ठरते. समजा तुम्ही ३१ डिसेंबर टाकली आणि एखाद्याचा दुसरा टप्पा २० डिसेंबरला उघडला. मेसेजमध्ये ४५ दिवस लिहिलेत, हातात येतात अकरा. म्हणून उलटा हिशोब करा: ३०, ४५ आणि ६० मिळून १३५ दिवस. म्हणजे ३१ डिसेंबरला सगळं संपवायचं असेल तर नव्या ग्राहकाचा प्रवेश १८ ऑगस्टलाच बंद व्हायला हवा, गणपतीची गर्दी सुरू होण्याआधी! ते परवडणार नाही. तेव्हा प्रवेशाची शेवटची तारीख आधी ठरवा, त्यात १३५ दिवस मिळवा आणि ती कॅम्पेनची तारीख टाका. सॉफ्टवेअरमध्ये या दोन तारखा वेगळ्या टाकता येत नसतील तर प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी पहिला टप्पा नव्या लोकांना हाताने बंद करा. आत आलेल्यांचा चालू राहू द्या.

रद्द झालेली बिलं: बेकरीत फारशी नसतात. कपड्यांचं दुकान असेल तर माल परत करायची मुदत संपेपर्यंत टप्पा उघडू नका. पण एकदा उघडलेला टप्पा पुन्हा बंद करू नका, गिऱ्हाईक तो अपमान विसरत नाही.

मेसेजचे टेम्प्लेट (ठरलेले मसुदे) प्रत्येक टप्प्यासाठी डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीसाठी टेलिकॉम कंपन्यांनी चालवलेल्या यंत्रणेवर, आधीच मंजूर करून घ्या. देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. त्यापुढे दुसऱ्या मेसेजचे पैसे लागतात. काय उघडलं, काय करायचं, कधीपर्यंत, एवढंच लिहा. अभिनंदनाला जागा नाही.

कॅशियरच्या स्क्रीनवर 'आणखी १ बिल बाकी' असं दिसू द्या. तो तोंडाने सांगतो तेव्हा जो परिणाम होतो तो कुठल्याच मेसेजने होत नाही.

चाचणी स्वतःच्या नंबरवर घ्या: १४९ रुपयांचं बिल, रद्द केलेलं बिल, मुदतीच्या शेवटच्या रात्रीचं बिल, एकाच दिवशी दोन शाखांतली बिलं. मग एका शाखेत सुरू करा.

महिनाभराने दुसरा टप्पा उघडूनही केक न घेतलेल्यांची यादी काढा. यादी लांबलचक असेल तर बक्षीस वाढवू नका. आधी त्यांच्यातल्या चारपाच जणांना फोन करून मेसेज पोचला होता का, एवढं विचारा.