थिसिसचं पुस्तक झालंय, आता लोकांसमोर बोलायचं कसं?

भावा, कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिर लायब्ररीत बोलायला बोलवलंय ना, मग चॅप्टर एक, चॅप्टर दोन करत बसू नको, लोकं उठून मिसळ खायला जातात. एका कागदापासनं सुरुवात कर. म्हणजे विषय शाहू महाराजांचा असेल तर 26 जुलै 1902 चा 50 टक्के राखीव जागांचा हुकूम घे, तो पहिल्यांदा कुठं बघितलास, वाचताना काय खटकलं आणि त्यातनं तुझा प्रश्न कसा निघाला तेवढं सांग, मेथडॉलॉजी दोन वाक्यात उरक. आधीच्यांनी काय लिहिलंय आणि तुझं नवीन काय हे मात्र स्पष्ट बोल. वीस मिनिटं बास. मागच्या रांगेतले काका हमखास एखादी तारीख विचारणार, येत नसली तर सरळ 'बघून सांगतो' म्हण.