ब्रेकचे जुने पॅड भंगारात टाकण्याआधी

२०२४च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा मला गॅरेजात लागून जेमतेम पाच महिने झाले होते. तरसालीच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, परीक्षेत ब्रेकच्या कॅलिपरची (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा) आकृती काढून मार्कही मिळवलेले. पाणी ओसरलं आणि समा, फतेहगंज, अकोट्याहून गाड्या टोचन लावून येऊ लागल्या. त्यांतल्या बऱ्याच इंजिन-वायरिंगच्या. पण नंतरचे दोन-तीन महिने दर आठवड्याला एखादी तरी गाडी चालत यायची, वरून धडधाकट, आणि तक्रार तीच: "गाडी डाबी बाजू खेंचाय छे," म्हणजे गाडी डावीकडे ओढते. कुणाचं अ‍ॅव्हरेज पडलेलं, कुणाच्या चाकाला जळका वास.

उघडलं की आत गाळ. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांच्या रबरी टोप्यांतून चिखलाचं पाणी शिरलेलं आणि ग्रीसचा काकवीसारखा चिकट लगदा झालेला. पिना साफ करा, नवं ग्रीस लावा, गाडी द्या. अशा पाच-सहा गाड्या हातावेगळ्या झाल्यावर मला वाटायला लागलं, आपल्याला ब्रेक कळला.

मग दांडिया बाजारातल्या एका काकांची गाडी आली. पुढचं डावं चाक तापत होतं. पूर माझ्या डोक्यात बसलेलाच. मी काही न बघता चाक उतरवलं, पॅड बदलले, पिना घासल्या, पॅड दाबणाऱ्या पिस्टनचं रबरी सीलचं किटही टाकलं, ब्रेक ऑइलमधली हवा काढली. जुने पॅड भंगाराच्या पिंपात. चौथ्या दिवशी काका दारात: "अरे बाळा, आहे तसंच आहे की रे!"

उस्ताद मला काही बोलले नाहीत. पिंपात हात घालून त्यांनी ते दोन्ही पॅड शोधून काढले, फडक्याने पुसले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही सारखेच झिजलेले, दोन्हींवर काचेसारखी चकाकी. "पिन जाम असती तर हे असे जोडीने झिजले असते का?" मग गाडी घोडीवर घेतली. मला पॅडल दोन-तीनदा दाबून सोडायला लावलं. चाक हाताने फिरेना. त्यांनी कॅलिपरचा निप्पल (हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव आटा सैल केला, ऑइलची एक चिळकांडी उडाली आणि चाक गरकन फिरलं. म्हणजे दाब आत अडकून बसत होता. पॅडलच्या जोराने सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा दोष असता तर एकटं हेच चाक धरून बसलं नसतं. दोष होता त्या चाकाला ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा, म्हणजे होजचा. होज बाहेरून ठणठणीत, आतून फुगलेला. पायाच्या जोराने ऑइल पुढे जायचं, पण परत यायला वाट नाही. किटचे आणि मजुरीचे पैसे अर्थातच काकांकडून घेतले नाहीत.

उस्तादांचं एकच पालुपद: "पहेलां जो, पछी खोल," आधी बघ, मग उघड. तेव्हा नवीन असाल तर पॅड वाचायला शिका. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असेल, तर पिना अडकल्यात किंवा पिस्टन मागे येत नाही. पिना हाताने सरकवून बघितल्या की कोण ते कळतं. बाहेरचाच जास्त झिजला असेल तर कॅलिपर सरकून तिथेच अडकतोय, पुन्हा संशय पिनांवर. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर बहुधा एकच पिन जाम. आणि निप्पल सोडूनही चाक सैल होत नसेल, तर होजला हात लावू नका, कॅलिपर उतरवा.

आता एक प्रश्न, जो मला नोकरीला लागताना विचारला होता आणि मी चुकलो होतो: ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे कोण ओढतं? मी म्हटलं स्प्रिंग. तिथे स्प्रिंग नसतेच. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित मुरडते आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढं पुरतं. म्हणूनच पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नुसती रिंग बदलून काही होत नाही.

पिस्टन हवेने काढताना समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि प्रेशर कमी. बोटं तिथे नकोत. तो गोळीसारखा सुटतो. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. पिनांना सिलिकॉन ग्रीसच. साध्या ग्रीसने रबर फुगतं. दोन पिनांपैकी एकीला टोकाशी रबरी बुश असू शकतं, त्यांची अदलाबदल करू नका. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते.

मागे डिस्क असेल तर जपून. हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवत आत घालावा लागतो, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड. आमच्याकडच्या एका पोराने सी-क्लॅम्प लावून दाबलाच. कॅलिपर नवा आणावा लागला.

काकांच्या गाडीला नवा होज टाकला, हवा काढली आणि गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत पंप केलं (हे विसरलात तर पहिला ब्रेक लागतच नाही). काळा घोड्यापर्यंत जाऊन आलो. इन्फ्रारेड थर्मामीटर आधी उजव्या चाकाला दाखवला, मग डाव्याला: ६१ आणि ६४ अंश. वहीत दोन्ही आकडे लिहिले, खाली तारीख. जुने दोन्ही पॅड अजून माझ्या टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात आहेत.